जोडकांडी

फोन थरथरला तेव्हा ईश्वरीचे दोन्ही हात बेदाण्यात होते. जाळीवरून उतरवलेला माल शेडमध्ये समोर पसरला होता आणि ती त्यातले काळे दाणे वेगळे काढत होती. चिकट बोटं ओढणीला पुसून तिने फोन पाहिला.

'आपल्या जोडीदार तनिष्का यांनी कांडी उघडण्यास संमती दिली आहे. खूण : उजवा अंगठा. आपले उत्तर उद्या सकाळी दहापर्यंत द्यावे.'

दुसरी एखादी असती तर पेढे वाटायला निघाली असती. सात-आठ वर्षं ज्या निरोपाची दोन्ही घरं वाट बघत होती, तो आला होता. ईश्वरीची नजर मात्र एकाच शब्दावर खिळली होती. अंगठा. तनिष्काने कधीही, काहीही झालं तरी, अंगठा लावला नसता. हे त्या दोघींचं ठरलं होतं आणि ते जगात तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मग तिचा अंगठा लावला कुणी?

तिने टोपली बाजूला सारली. शेजारी निवडायला बसलेल्या बायकांना काही कळू नये म्हणून ती उगाच ओढणी झटकत उठली.

या दोघींची गोष्ट कळायची तर आधी साटंलोटं कळायला हवं. पणज्या-आज्यांच्या काळात सोनोग्राफीच्या यंत्रापुढे जे पाप झालं, त्याचं फळ नातवंडांच्या ताटात पडलं. चाळीस एकर द्राक्षबाग, आपणहून फवारणी करणारा ट्रॅक्टर, दुमजली घर, आणि त्या घरात पस्तिशीचा बिनलग्नाचा मुलगा, असं चित्र तासगाव तालुक्यात गल्लोगल्ली दिसू लागलं. मग शहाण्या माणसांनी जुनीच वाट झाडून काढली. तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी. डोंगरवाडीच्या संग्रामला ईश्वरी दिली आणि त्याच मांडवात संग्रामची धाकटी बहीण तनिष्का चिंचणवाडीला ईश्वरीच्या भावाला, विक्रांतला दिली. म्हणजे ईश्वरीची जी नणंद तीच तिची वहिनी. ऐकायला मोठं गोड वाटतं. पण साटंलोट्याचा कायदा एकच आहे: जे तिकडे ते इकडे. तिकडे सुनेला पैठणी घेतली की इकडे पैठणी, तिकडे हात उगारला की इकडेही. आणि एक सून परत पाठवली की दुसरीनेही त्याच दिवशी बोचकं बांधायचं. एकीला ठेच लागली की रक्त दुसरीच्या अंगठ्यातून यायचं.

आता कांडी. मुलगी जन्माला येते ती आयुष्यभराची सगळी बीजं पोटात घेऊनच. दहा-वीस लाख असतात, पण त्यानंतर एकाचीही भर पडत नाही. रोज त्यातली काही जागी होतात. महिन्याकाठी एखादं तडीस जातं, बाकीची सुकून जातात, आणि पंचेचाळिशी-पन्नाशीला कणगी रिकामी होते. झोपलेल्या बीजांना 'इतक्यात उठू नका' असं सांगणारं एक संप्रेरक बीजकोश स्वतःच तयार करत असतो. शास्त्रज्ञांनी तेच संप्रेरक काडेपेटीतल्या काडीएवढ्या नळीत भरलं आणि दंडाच्या कातडीखाली बसवलं. रोज त्यातून थेंबाचा अंश पाझरतो आणि सगळी कणगी झोपून राहते. पाळी नाही, गर्भ नाही, नासाडीही नाही. मूल हवंसं वाटलं की फोनवरून कांडी उघडायची, पाझर थांबतो आणि काही महिन्यांत बीजं जागी होतात. मुलींना हे वरदानच होतं. शिका, नोकरी करा, मग बघा. अट एकच, मुदत आठ वर्षांची. त्याहून जास्त झोपलेली बीजं जागं व्हायचंच विसरतात, आणि मग कुठलाही डॉक्टर त्यांना उठवू शकत नाही.

साटंलोट्यातल्या घरांना यात वेगळीच धास्ती. आमच्या लेकीने तिकडे वारस दिला आणि त्यांच्या लेकीने इकडे नाहीच दिला तर? कंपन्यांना गिऱ्हाइकाची धास्ती बरोबर कळते. त्यांनी जोडकांडी काढली. दोघींच्या कांड्या उघडणार त्या एकदमच. एकीने हो म्हटलं तरी दुसरीचं हो येईपर्यंत दोन्ही बंद.

आणि गंमत अशी, की ही जोडकांडी मागितली होती या दोन पोरींनीच. सुपारी फुटली त्या दिवशी एकवीस वर्षांच्या दोघी गच्चीवर जाऊन बोलल्या होत्या. एकटीला कुणीही दाबेल, पण दोघींनी मिळून नाही म्हटलं तर दोन्ही घरांची काय बिशाद! खाली येऊन त्यांनी लाजत-लाजत 'जोडीचीच बसवू या' म्हटलं, तेव्हा वडीलधारी खूश झाली. खुणेसाठी प्रत्येकीची दोन बोटं नोंदवायची होती. दोघींनी उजवा अंगठा दिला आणि डावी करंगळी दिली.

"शाळेत करंगळीनं कट्टी घ्यायचो नव्हं," तनिष्का तेव्हा हसून म्हणाली होती, "तशी जगाशी कट्टी. कुणी जबरदस्ती केली तर अंगठाच धरणार. आपलं खरं काय ते करंगळीनं सांगायचं."

निर्णय काय झाला ते घरच्यांच्या फोनवर मुदत संपल्यावर कळायचं. बोट कुठलं होतं, ते मात्र फक्त जोडीदारणीला दिसायचं.

शेडच्या मागे, द्राक्षं बुडवायच्या द्रावणाच्या रिकाम्या पिंपांच्या आडोशाला जाऊन ईश्वरीने माहेरी फोन लावला. उचलला विक्रांतने.

"दादा, वहिनीला दे की जरा."

"झोपलीय ती. हल्ली दुपारची लई झोपती." आवाजात हसू मावत नव्हतं. "मेसेज आला व्हय तुला? मीच लावला तिचा अंगठा. आई म्हटली, पाडव्याला मुदत संपतीया आणि या पोरी लाजत बसल्यात. इतकी दमलेली हुती, कळलं बी न्हाई तिला."

"दादा, तिला इचारलंस का तू?"

"त्यात काय इचारायचं? बायको हाय माझी. आता तू लाव पटदिशी. वर्षाच्या आत दोन्हीकडं पाळणा! मामा हुतोय मी, आणि तू आत्या."

तो खदखदून हसला. याच विक्रांतने तिला सायकल शिकवली होती, ती पडली की तिच्याआधी तोच रडायचा. त्याच्या हसण्यात काडीचंही कपट नव्हतं. म्हणूनच तिच्या अंगावर काटा आला. रागाने केलं असतं तर भांडता आलं असतं.

तनिष्का दुपारची का झोपते, हे विक्रांतला माहीत नव्हतं. ईश्वरीला होतं. दोन वर्षांपूर्वी श्रावणात दोघी दंडोबाच्या डोंगरावर गेल्या होत्या आणि चढावर तनिष्का ओठ निळे पडून मटकन खाली बसली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, हृदयाची झडप आवळली आहे, लहानपणीच्या तापाने. जपून राहिलं तर आयुष्य काढता येईल. पण पोटात बाळ वाढतं तेव्हा रक्त दीडपट होतं, ते या झडपेतून जाणार नाही. 'पोर राहू देऊ नका. तुम्ही राहणार नाही.' डॉक्टर असं सरळ बोलले होते.

परतताना बसमध्ये तनिष्काने तिचा हात धरून शपथ घातली होती. "कुणाला सांगू नगंस. कळलं की मला परत धाडतील. मी परत गेले की तुलाबी परत जावं लागंल. मला विक्रांत पायजे गं. तुला संग्रामदादा नगं हाय का?"

हवा होता. फार हवा होता. जोडी तोडायची तर दोन्ही घरांच्या सह्या लागत आणि कारण सांगावं लागे. कारण सांगितलं की दोघींचे संसार मोडले. कांडी उघडून गुपचूप काही उपाय करावा, तर उघडलेली कांडी दर महिन्याला बीज पिकल्याचा हिरवा ठिपका घरातल्या सगळ्यांच्या फोनवर उमटवायची; गोळी घेतली की ठिपका चुकणार आणि चोरी उघडी पडणार. इकडे आड, तिकडे विहीर. मग एकच वाट उरली. काहीतरी सबबी सांगत आठ वर्षं काढायची. पाडवा उलटला की दोघींची बीजं कायमची झोपणार आणि तनिष्काच्या जिवाचा घोर संपणार. एकदा नकार दिला की सहा महिने पुन्हा विचारता येत नाही, आणि पाडवा त्याआधीच येणार, म्हणजे आत्ता दिलेला नकार शेवटचा.

यात ईश्वरीने एक गोष्ट तनिष्कापासून लपवली होती. तिला मूल हवं होतं. शेडमधल्या बायकांची तान्ही पोरं ती कामाच्या नावाखाली मांडीवर घ्यायची, त्यांच्या टाळूला नाक लावायची, आणि घरी गेल्यावर तिला जेवण जायचं नाही. पाडवा जसजसा जवळ येत होता तसतशी ती तनिष्काचे फोन टाळू लागली होती. आपल्या तोंडून भलतंच निघेल, याची भीती.

संध्याकाळी संग्राम कोल्ड स्टोरेजला माल घेऊन निघाला होता. गाडीची चावी हातात घेऊन तो जिन्यात थांबला.

"विक्रांतचा फोन आलता," तो म्हणाला. "मी काय जबरदस्ती करणार न्हाई ईशू. तुझं तू ठरव."

"बरं."

"पण गच्चीला कठडा बांधला का न्हाई मी, तवापासनं..." त्याने पुढचं वाक्य गिळलं आणि कान लाल झालेला तो गडी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेला. कठडा चार वर्षांपूर्वी बांधला होता. त्याच्या सळ्या इतक्या जवळजवळ बसवल्या होत्या की मांजरसुद्धा अडकावं. कशासाठी ते घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

ईश्वरी तिथेच पायरीवर बसली. दहापर्यंत उत्तर द्यायचं. हो म्हणावं तर तनिष्काचा जीव जातो आणि नाही म्हणावं तर आपलं पोर. शपथ मोडून कुणाला तरी सांगितलं पाहिजे, नाहीतर आपलं डोकं फुटेल, असं तिला वाटलं. आणि मग तिच्या मनात आलं, की तनिष्काला जन्म देणारी बाई तर याच घरात आहे. कितीही कडक असली तरी आई आहे.

सासूला ती तिकडच्या पद्धतीने आत्या म्हणायची. सुनंदाआत्या म्हणजे गावात नाव घेतलं की बायका पदर सारखा करतात अशी बाई. हळदीकुंकवाला चार जणींत 'आमच्या सुनेची कूस अजून सुट्टीवर हाय' असं म्हणायलाही तिने कमी केलं नव्हतं. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, तर विचारून तरी बघू, असा धीर करून ईश्वरी स्वयंपाकघरात गेली.

आत्या भाकरी थापत होत्या. ईश्वरीने दार लोटलं आणि उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं. दंडोबा, डॉक्टर, झडप, शपथ. सांगताना तिला रडू फुटलं. "आत्या, मी हो म्हटलं तर तनू मरंल. तुमची तनू."

तव्यावरची भाकरी फुगली. आत्यांनी ती उलटली, शेकली, टोपलीत टाकली.

"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

ईश्वरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नऊ वर्षांची हुती तवा ताप आलता. सांधे धरलं हुतं पोरीचं. डॉक्टरनं तवाच सांगितलं, हिच्या काळजाला धोका हाय म्हणून. दर महिन्याला इंजेक्शन द्यायचो, आणि तिला सांगायचो, ताकदीचं हाय." आत्यांनी गॅस बंद केला. "खरं सांगितलं असतं तर कुणी केली असती का तिला? तुमची सोयरीक आली, तुम्ही पोरी जोडीचं बोललात, तवा मीच आधी हो म्हटलं. का म्हटलं असंल?"

ईश्वरीने डोळे पुसले.

"जवर तू बंद, तवर माझी पोर जित्ती. म्हणून."

"मग ते... चार जणींत तुम्ही मला बोलता, ते?"

"कुणाला वाटू ने, मलाच नगं हाय." आत्या शांतपणे हात धूत होत्या. "सात वर्षं झाली, दर वटपौर्णिमेला मी वडाला एकच मागते. माझ्या पोराचा वंश बुडू दे, पण पोरगी जगू दे."

ईश्वरी एक पाऊल मागे सरली. आत्यांचा आवाज चढला नव्हता, डोळेही लाल नव्हते, पण इतकी भीती तिला आजवर या बाईच्या शिव्यांचीसुद्धा वाटली नव्हती. ज्या घरात ती सात वर्षं पोर नाही म्हणून मान खाली घालून वावरली, त्याच घरात तिची कूस बंद राहावी म्हणून नवस चालला होता.

"मी हो म्हणणार नव्हतेच," ती कशीबशी म्हणाली. "पर मला इचार करू द्या. उद्यापर्यंत..."

"इचार करशील तर हो म्हणशील. पोरं मांडीवर घेतीस तवा बघते की मी तुझ्याकडं."

पुढचं फार पटकन झालं. आत्यांनी तिचं मनगट धरलं. भाकरी थापून-थापून घट्ट झालेला तो हात लोखंडासारखा होता. ओट्यावर ठेवलेला ईश्वरीचा फोन त्यांनी पुढे ओढला, 'नकार' या तांबड्या चौकोनावर ईश्वरीचा उजवा अंगठा दाबला आणि फोन थरथरेपर्यंत दाबून धरला. ईश्वरी ओरडलीसुद्धा नाही.

'नकाराची नोंद झाली. उद्या सकाळी दहापर्यंत निर्णय बदलता येईल.'

"बदलू नगंस," आत्या म्हणाल्या. आता त्यांची हनुवटी थरथरत होती. "उद्या मी सगळ्यांम्होरं तुलाच शिव्या घालणार. तुझं माहेरबी तुलाच बोलंल. ऐकून घे. मला माफ कर म्हणत न्हाई मी. करू बी नगंस." आणि त्या देवापाशी दिवा लावायला निघून गेल्या.

ईश्वरी गच्चीवर आली. कठड्याला टेकून बसली. अंगठ्यावर आत्यांच्या नखाची खूण उमटली होती आणि तिच्यावर थोडं पीठ होतं. सुटले, असंही तिला एका मनाने वाटलं. निदान ठरवावं तरी लागलं नाही. तनिष्का वाचली, पाप कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हाताने झालं.

तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला.

'आपल्या जोडीदार तनिष्का यांनी आपला नकार पाहून पुन्हा संमती दिली आहे. खूण : डावी करंगळी.'

तिने ते दोनदा वाचलं. मग तिला समजलं आणि तिने कठड्याची सळी घट्ट धरली.

तनिष्का उठली असणार. तिने आपल्या फोनवर पाहिलं असणार: ईश्वरीचा नकार, अंगठ्याने. म्हणजे जबरदस्तीचा. म्हणजे ईशूच्या मनात नकार नाही, तिला मूल हवं आहे. आठ वर्षांपूर्वी गच्चीवर ठरवलेली ती खूण एका अक्षराचीही चूक न करता खरं तेच सांगून बसली होती. आणि त्या वेड्या पोरीने, जिला दोन जिने चढवत नाहीत तिने, आपली करंगळी लावून टाकली होती. खरी संमती. घे, तुला हवं ना, घे.

आता कुणाची जबरदस्ती उरली नव्हती. तनिष्काने स्वतः दिलं होतं. दहापर्यंत निर्णय बदलता येत होता. ईश्वरीने करंगळी 'संमती'च्या हिरव्या चौकोनावर ठेवली की झालं. विक्रांत पेढे वाटणार होता, संग्राम कठड्याच्या सळ्या मोजणार होता, आणि तिला स्वतःला वर्ष-दीड वर्षात त्या टाळूचा वास. कोण तिला दोष देणार होतं? डॉक्टरही कधीकधी चुकतात. झडपेचं ऑपरेशन होतं म्हणे. मन वकिलासारखं एकेक मुद्दा काढून देत होतं, आणि दर मुद्द्यागणिक तिची करंगळी हिरव्याच्या जवळ सरकत होती. ती सरकताना तिने डोळ्यांनी पाहिली. दिवसभर ती भावाला घाबरली होती, सासूला घाबरली होती. पण असं भय तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि ते स्वतःच्या हाताचं होतं.

'इतकी दमलेली हुती, कळलं बी न्हाई तिला.' विक्रांतचं हसणं तिला आठवलं. दमलेल्या बाईकडून त्याने झोपेत घेतलं होतं. आपण जागेपणी घेणार होतो, एवढाच काय तो फरक.

तिने डावी करंगळी उचलली आणि तांबड्या चौकोनावर टेकवली. 'निर्णय अंतिम करायचा का? यानंतर बदल होणार नाही.' डोळ्यांतलं पाणी काचेवर पडलं, म्हणून बोट लागेना. तिने ओढणीने काच पुसली, बोट पुसलं आणि पुन्हा टेकवलं. फोन थरथरला. पोटात काहीतरी मिटलं, असं तिला वाटलं. वाटलं एवढंच, कांडी तर काहीच करत नव्हती.

लगेच तनिष्काचा फोन आला. आधी तिचा श्वास ऐकू आला, आखूड, अर्ध्यात तुटणारा.

"ईशू, कुणी धरलं न्हाई ना तुला ह्या खेपेला?"

"करंगळी दिसली न्हाई व्हय तुला?"

"दिसली." मग ती रडायला लागली. "तुला पायजे हुतं की गं. मला ठाऊक हाय."

"रडू नगंस. तुला रडणं सोसत न्हाई," ईश्वरी म्हणाली, आणि तिने ओढणीने स्वतःचे डोळे पुसले.

फोन ठेवला तेव्हा अंधारून आलं होतं. खाली देवघरात आत्यांची घंटा वाजली. अंगणात गाडी थांबली, दार आपटलं. निर्णय सगळ्यांच्या फोनवर उद्या दहाला उमटणार होता. त्याआधी एका माणसाला तो तिच्या तोंडून कळायला हवा होता, आणि काय सांगायचं, किती सांगायचं, याचा एकही शब्द तिच्यापाशी नव्हता. तिने करंगळी मुठीत लपवली आणि दाराकडे बघत राहिली. जिन्यात संग्रामची पावलं वाजली. नेहमीसारखाच तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होता.